गुंडावरचं नाव

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कैलाशला, ते सांगायची संधी मिळणार नाही. औषधाच्या दुकानात बारा वर्षं बसल्यावर माणूस दुसरा कसा होणार? बाटली हातात आली की आधी तारीख बघायची, मग नाव, मग पुन्हा तारीख. घरीही माझं तेच चालतं. दुधाची पिशवी, लग्नाची पत्रिका, नवऱ्याचा चेहरा, जे समोर येईल ते मी वाचते.

भंडाऱ्यात खात रोडला आम्ही तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा सजावटीला अतुल नावाचा इंटिरियरवाला लावला. बोलायला गोड होता, म्हणून मी त्याच्यावर जास्तच लक्ष ठेवलं. कपाटांच्या बिजागऱ्या मोजल्या. प्लायवुडवरचे शिक्के वाचले. एक दार मधल्या मधे बदललं गेलं असं मला अजूनही वाटतं, पण पुरावा नाही.

तीन महिन्यांत सगळं उभं राहिलं. करड्या रंगाचा एल आकाराचा सोफा, काचेचं टीपॉय, टीव्हीमागे पट्ट्यापट्ट्यांचं पॅनल, छतात लपवलेले दिवे. मी दारात उभी राहून बघितलं तर वाटलं, फर्निचरच्या दुकानात आलोय आणि आता कोणीतरी येऊन किंमत सांगेल. अतुललाही ते जाणवलं असावं.

"मॅडम, गावाकडचं काही जुनं आहे का?" तो म्हणाला. "पितळ, सागवान, काहीही. नव्यात थोडं जुनं मिसळलं की घर तुमचं वाटते. नाही तर सगळ्यांचे फ्लॅट सारखेच."

जुनं होतं, पण ते करडीला. तिथे कैलाशचा धाकटा भाऊ धनंजय, त्याची बायको डिंपल आणि माझ्या सासूबाई चंद्रभागाबाई राहतात. सासऱ्यांना, भय्याजींना, आम्ही सुना मामाजी म्हणायचो. ते जाऊन तीन वर्षं झाली. धनंजय घरावर स्लॅब टाकत होता, त्यासाठी माळा रिकामा करायचा होता, आणि माळ्यावरचं सामान दोन्ही सुनांना वाटून देते असं आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, कळवलं होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझं आणि आईंचं पंधरा वर्षांत एकदाही भांडण झालं नाही. लोकांना त्याचं कौतुक, मला त्याचाच संशय. डिंपलला त्या सकाळपासून रागवायच्या, तिच्या भाजीला नावं ठेवायच्या, आणि संध्याकाळी तिच्याच मांडीला मांडी लावून टीव्ही बघत हसायच्या. मी गेले की मात्र "बस रीता, चहा घे रीता." पाहुणीशी बोलावं तसं. माणूस रागावतो तो आपल्या माणसावर. मला वाटायचं, या बाईंनी मला कधी घरातली धरलंच नाही. म्हणून ती वाटणी माझ्यासाठी भांड्यांची नव्हती. आईंच्या लेखी मी कोण, ते त्या दिवशी कळणार होतं.

धान मळून झालं होतं. अंगणात ताडपत्री अंथरून त्यावर सगळं मांडलेलं. डिंपलला तांब्याचा हंडा मिळाला, उंच समई मिळाली, अडकित्ता आणि खलबत्ता मिळाला, आणि सगळं आधीच घासूनपुसून लखलखीत. मला सागवानी बंगई मिळाली, कड्यांसकट, कारण डिंपलच्या म्हणण्याप्रमाणे झोका घ्यायला तिला वेळ नव्हता. त्यानंतर आईंनी आतून एक बोचकं आणलं. त्यांच्याच जुन्या लुगड्यात बांधलेलं, वर दोन गाठी.

"हे तुह्यं," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर सोडजो."

"काय हाय यात?"

"भांडे हाय. घरी सोड."

डिंपलने माझ्याकडे बघितलं आणि हसली. साधंच हसली असेल. पण परतीच्या वाटेवर गाडीत मी कैलाशला तीनदा विचारलं की ती का हसली, आणि तीनदा त्याने कानावर हात ठेवले.

घरी येऊन गाठी सोडल्या तर आत चार भांडी, काळीठिक्कर. पाण्याचा मोठा गुंड, गंगाळ, परात आणि गडवा. गुंडाच्या तळाशी लाखोळीच्या डाळीचे चार दाणे अजून होते. डिंपलला चकचकीत आणि मला हे. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण अतुलने गुंड दोन्ही हातांनी उचलला आणि त्याचे डोळे चमकले.

"मॅडम, हे आजकाल मिळत नाही. वजन बघा. गुंड दारासमोर कन्सोल टेबलवर, वरून एक दिवा. गंगाळ काचेच्या टीपॉयखाली. बंगई बाल्कनीत. वास्तूला लोक सोफ्याकडे बघणारच नाहीत."

तो एवढा खूश झाला म्हणून मी तो गेल्यावर चारही भांड्यांच्या बुडाला नेलपॉलिशचा एकेक ठिपका लावून ठेवला. पॉलिशला नेऊन बदलून आणलं तर?

मग एक भांडं स्वतःच घासून बघावं म्हणून चिंच घेऊन बसले. गुंडाच्या गळ्याशी बोट फिरवताना काहीतरी खरखरीत लागलं. काळं निघालं तशी ठिपक्याठिपक्यांची अक्षरं वर आली. आपल्याकडे लग्नात आंदण म्हणून दिलेल्या भांड्यांवर नाव टाकतात, तसं. मी चष्मा लावून वाचलं.

सौ. सत्यवती भय्याजी गभने, मु. करडी.

पुन्हा वाचलं. मग गंगाळ घासलं, परात घासली, गडवा घासला. चारहींवर तेच. सौ. सत्यवती भय्याजी गभने.

भय्याजी गभने म्हणजे माझे सासरे. करडीत त्या नावाचा दुसरा माणूस नाही. त्यांची बायको चंद्रभागाबाई. मग ही सत्यवती कोण?

कैलाश ऑफिसातून आला, चहाचा पहिला घोट घेतला आणि मी विचारलं, "मामाजीचं आधी एक लगन झालं होतं काय?"

चहा त्याच्या शर्टावर सांडला. "तुले काय सपन पडलं?"

मी गुंड दाखवला. त्याने वाचलं, डोकं खाजवलं. "असन कोनाचं. जुन्या मानसाईचं काय मालूम."

"बापाच्या बायकोचं नाव हाय हे! सौभाग्यवती लिहिलं हाय!"

"मंग आईले इचार ना."

सरळ विचारलं असतं तर हे सगळं सांगायची वेळ आली नसती. पण सरळ विचारलं की समोरचा उत्तर तयार करतो, असा माझा अनुभव. मी आईंना फोन लावला आणि आडून विचारलं.

"आई, त्या भांड्याइवर काही लिहिलं हाय काय हो?"

"हाय ना," त्या लगेच म्हणाल्या. "वाचलं काय तू?"

त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. मी सावध झाले. "नाही. काळं पडलं हाय ना, दिसून नाही राहिलं."

 फोनमध्ये मागे डिंपल कोंबड्या हाकलत होती.

"चिंच लावून घास," आई म्हणाल्या. "मंग दिसन. दिसलं की मले सांगजो."

दिसलं की मले सांगजो! म्हणजे मला कधी कळतं यावर त्यांचं लक्ष होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली. कुठेतरी पाणी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी डिंपलला फोन केला. इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, स्लॅब कुठपर्यंत आला विचारलं, आणि मग हळूच म्हटलं, "तुह्या हंड्यावर नाव हाय काय वो कोनाचं?"

"हाय ना. आईचंच. सौ. चंद्रभागा भय्याजी. समईवर बी तेच हाय. काहून?"

"काही नाही. असंच."

फोन ठेवला आणि मी सोफ्यावर बसले. चित्र स्पष्ट होतं. आईंनी स्वतःच्या नावाची भांडी धाकटीला दिली आणि सवतीची माझ्या गळ्यात बांधली. तीही जुन्या लुगड्यात गुंडाळून, गावात सोडू नको असं सांगून. रडू आलं मला. पंधरा वर्षं मी ज्याचा संशय घेत होते ते पितळेवर कोरून माझ्या हातात दिलं होतं.

तरीही मी न्यायानं वागायचं ठरवलं. पुरावा गोळा केला. आमच्या दुकानात बीपीच्या गोळ्यांना येणाऱ्या निर्मलाबाई करडीच्या सून, गावातलं सगळं त्यांना ठाऊक. त्यांची पट्टी पिशवीत घालता घालता मी सत्यवतीचं नाव काढलं.

"सत्यवती? भय्याजीच्या घरी? अशी कोनी नाही बापा पायली मी." मग त्या काउंटरवर वाकल्या. "पन मी लगन होऊन आली तवा कैलाश शाळेत जात होता. त्याच्या आधीचं काही असन तं मले मालूम नाही. भय्याजीचं लगन जरा उशिराच झालं म्हंतेत."

उशिरा झालं, की दुसऱ्यांदा झालं? घरी येऊन मी जुना अल्बम काढला. पहिली बायको गेलेल्या घरात दुसरी आली की सवतीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालते, हे मी माझ्या आजोळी पाहिलं होतं. कैलाशच्या बारशाच्या फोटोत आईंच्या गळ्यात, मंगळसूत्राच्या शेजारी, काहीतरी गोल होतं. मी मोबाईलवर फोटो काढून मोठा केला, आणखी मोठा केला. शेवटी नुसते चौकोन दिसायला लागले. पण गोल होतं, एवढं नक्की.

त्या चार दिवसांत मी ते नाव शंभर वेळा वाचलं असेल. येता जाता गुंडाजवळ थांबायचं आणि सत्यवती कशी असेल, कशाने गेली असेल, की गेलीच नसेल आणि कुठे दुसऱ्या गावात नांदत असेल, याचा विचार करायचा. एकदा तर तिचा एखादा मुलगा असेल आणि तो वास्तूच्या दिवशी दारात येऊन उभा राहील, इथपर्यंत मी गेले.

वास्तू रविवारी होती. आईंचे दोन्ही भाऊ अड्याळहून येणार होते. माझी माहेरची माणसं येणार होती. दार उघडल्याबरोबर समोर कन्सोल, कन्सोलवर गुंड, वरून अतुलचा दिवा आणि त्या दिव्यात सत्यवती. लोक नाव वाचणार, विचारणार. आईंच्या भावांनी बहिणीच्या सवतीचं नाव मोठ्याने वाचलं तर आईंचं तोंड कसं होईल? मी स्वतःला सांगितलं की मी हे त्यांच्या अब्रूसाठी करतेय. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं की मला रागच आला होता, त्या न पाहिलेल्या बाईचा.

"अतुल, पॉलिशला टाकताना नाव घासून टाकायला सांगा," मी म्हटलं. "चारहींवरचं."

"नाव? मॅडम, नाव तर भारी दिसते. आजकाल लोक मुद्दाम ठेवतात."

"घासून टाका."

"एकदा गेलं की परत येणार नाही, सांगून ठेवतो."

"म्हणूनच म्हणते."

कैलाश नुसता म्हणाला, "राहू दे ना वो. आईले इचारून तं घे." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो बाल्कनीत जाऊन बंगईच्या कड्यांना तेल देऊ लागला.

भांडी बदलू नयेत म्हणून मी स्वतः अतुलबरोबर गेले. भंडाऱ्यात पितळेचं काम करणारे आता थोडे उरलेत. एका बोळात फिरत्या चाकाचं मशीन लावून एक म्हातारे कारागीर बसले होते. त्यांनी गुंड उचलला, नावावर अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

"हे काढाचं हाय? कोनाचं हाय नाव?"

"आमच्या घरची नाही," मी म्हटलं.

चाक सुरू झालं. गुंडाचा गळा त्याला टेकला, पिवळी धूळ उडाली. प्रत्येक भांड्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. मग पॉलिश, मग वरून लॅकर, म्हणजे काळं पडायला नको. घरी आणून मी बुडं तपासली. नेलपॉलिशचे ठिपके पॉलिशमध्ये गेले होते, म्हणजे आता तीच भांडी होती की नाही हे मलाही सांगता आलं नसतं. पण दिसत होती सुंदर. दिव्याखाली गुंड सोन्यासारखा झळकत होता, आणि त्याच्याकडे बघून मला शुक्रवारपर्यंत बरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी धनंजयने आईंना मोटरसायकलवर आणून सोडलं आणि तो स्लॅबसाठी लोखंडी सळाख बघायला बाजारात गेला. कैलाश ऑफिसला गेला होता. आई सगळ्या घरात फिरल्या. सोफ्यावरून हात फिरवला, पण बसल्या नाहीत. काचेच्या टीपॉयला वळसा घालून गेल्या. बाल्कनीत बंगई बघितली तेव्हा मात्र जरा टेकल्या, पायाने एक हलका झोका घेतला.

"साजरं केलं," त्या म्हणाल्या. मग लगेच उठल्या. "माहे भांडे कुठी हाय?"

माहे. मी तो शब्द टिपला.

"ते काय, दारासमोर. येताना दिसले नाही काय?"

"ते? मले वाटलं, नवा आनला."

त्या कन्सोलजवळ गेल्या. दोन्ही हातांनी गुंड धरून हळूहळू फिरवला, पूर्ण एक फेरा. मग पुन्हा एक फेरा. मग गळ्याशी बोट लावून फिरवत राहिल्या.

"रीता, हा तोच व्हय काय?"

"हो आई."

"मंग नाव कुठी गेलं?"

माझ्या तोंडून पटकन निघालं, "पॉलिशवाल्यानं घासलं वाटते. मशीनवर. मी सांगितलं होतं त्याले, पन..."

आईंनी मान हलवली. माझ्यावर त्यांनी जराही संशय घेतला नाही.

"त्या बिचाऱ्याले काय मालूम," त्या म्हणाल्या. सोफ्याच्या अगदी काठावर बसल्या, हात मांडीवर ठेवले. "माहं नाव होतं ते."

"तुमचं नाव चंद्रभागा ना?"

"ते सासरचं. अड्याळले मी सत्यवती होती."

मी उभीच राहिले.

"माह्या बाबानं लगनाच्या आठ दिवस आधी भांडे घेतले, इथंच, भंडाऱ्यात. कारागीर म्हने, नाव कागदावर लिवून आना. बाबाले लिवता नाही ये. मी चवथी शिकली होती. बिडीच्या बंडलाचा कागद होता, त्याच्यावर मीनंच लिवलं. नवऱ्याचं नाव लिवाची लाज वाटली, पन लिवलं." त्या जराशा हसल्या. "कारागिरानं असंच्या असं उतरवलं. बाबाले म्हने, पोरीचं अक्षर साजरं हाय."

"मग?"

"मंग लगन झालं. करडीले आली तं तांदळाचं ताट आनलं. महाराज म्हने, पोराच्या पत्रिकेले स जमत नाही, च काढा. ताटात लिवलं चंद्रभागा. झाली चंद्रभागा. सासूनं दुसऱ्या दिवशी आंदनाचे भांडे पायले. म्हने, या नावाची आपल्या घरी कोनी नाही. ठेव माळ्यावर. मंग हंडा घेतला, समई घेतली, त्याच्यावर नवं नाव टाकलं. भाऊ तं मले पैलेपासून बाईच म्हंतेत. तुहे मामाजी बायकोचं नाव घेतच नोते. मंग कोन म्हनन सत्यवती?"

माझ्या लग्नातही ताट आलं होतं. तांदूळ पसरलेले, कैलाशच्या हातात अंगठी. आईच मधे पडल्या होत्या. "राहू द्या, तिले हाय ते नाव चांगलं हाय." मला तेव्हा वाटलं होतं, या बाईला मला नवं नाव द्यायचाही कंटाळा. पंधरा वर्षं मी ते त्यांच्या खात्यात मांडून ठेवलं होतं.

"आई," मी विचारलं, आणि मला उत्तर नको होतं, "ते भांडे मलेच काहून देले? डिंपलले काहून नाही?"

"डिंपल? तिनं मोडीत देल्ले असते, स्टीलचे आनले असते." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू सारं वाचतेस ना. माह्या गोळ्याइची पट्टी बी उलटीपालटी करून वाचतेस. म्हटलं, हे वाचन. वाचन आन् मले इचारन, आई, हे कोन हो? पन्नास वर्सात कोनी इचारलं नाही. म्हटलं, तू इचारशीन. फोन आला तवा मले वाटलं, आता इचारते. त तू म्हने, दिसून नाही राहिलं."

मी कैलाशला विचारलं होतं. डिंपलला विचारलं होतं. निर्मलाबाईंना, अल्बममधल्या फोटोला, सगळ्यांना विचारलं होतं.

"पॉलिशवाल्यानं नाही घासलं, आई," मी म्हटलं. "मी सांगितलं घासायले. मी वाचलं होतं ते. फोन केला त्याच्या आधीच वाचलं होतं."

"मंग काहून?"

"मले वाटलं, मामाजीची पैली बायको असन. तुमची सवत."

आईंना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"अवो, डोकं फिरलं काय तुह्यं?" त्या ओरडल्या. माझ्यावर त्या पहिल्यांदाच ओरडल्या. "एवढी शिकली, दुकानात बसते, आन् सासूले एक गोष्ट इचारता नाही आली तुले? गावभर इचारलं असशीन! इचारलं ना? माहंच नाव, आन् माह्या घरात माहीच सवत केली तिनं!" बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

मी रडले, ते सांगायला मला लाज वाटत नाही. रडत रडत म्हटलं की आपण परत टाकून घेऊ, आजच्या आज, त्याच कारागिराकडे, चारही भांड्यांवर. लॅकर काढायला लावीन. तुम्ही म्हणाल तसं.

"आता कोनाच्या अक्षरात टाकतेस? मशीनच्या?"

"तुमच्या. तुम्ही लिहून द्या."

मी दुकानाचं पॅड आणि पेन आणलं, टीपॉयवर ठेवलं. आईंनी चष्मा लावला.  मग पेन उचललं आणि एका दमात, हात न उचलता, लिहून टाकलं. मी वाकून वाचलं. चंद्रभागा भ. गभने.

त्यांनीही वाचलं. "हे तं बँकेतली सही झाली," त्या म्हणाल्या आणि कागद फाडून घडी करून बाजूला ठेवला.

दुसऱ्या कागदावर त्यांनी सावकाश स काढला. मोठा, लहान मुलीसारखा. पेन तिथेच थांबलं.

"पुढं त आन् य. आमचे मास्तर वेगळंच जोडाले शिकवत, आता तसं लिवत नाहीत. मी कसं जोडलं होतं वो? आन् व कसा होता, गोल का लांबट? तूच पायलं ना शेवटी. सांग."

मी डोळे मिटले. नाव आठवत होतं, गाव आठवत होतं, सौ. आठवत होतं. अक्षराचं एक वळणही आठवेना. आई पेन धरून माझ्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या.